हिशेबाचा कागद

प्रवासाहून परतताना कात्रजचा घाट लागला, की जीव भांड्यात पडावा, हा माझा चाळीस वर्षांचा अनुभव. मग कोणीतरी ‘घर आलं’ म्हणे, पिशव्या आवरल्या जात, पेंगणाऱ्या मुलांना हलवून जागे केले जाई. २०२४ च्या डिसेंबरात गोव्याहून येताना आमची बस कात्रजचा बोगदा ओलांडून खाली उतरू लागली, तेव्हा मागच्या बाकावरून नेहमीचाच आवाज आला, “चला, घर आलं!” मीही सवयीने पिशवी उचलली, आणि मग आठवले, की आपले घर आता या गावात नाही.

यजमान गेल्यानंतर दोन वर्षे मी क्वार्टर गेटजवळच्या त्या घरात एकटी राहिले. गुडघे जिना चढू देईनात, तेव्हा मुलाने नागपूरला नेले आणि घर विकले. त्यात त्याचा काही दोष नाही. सून मायेची आहे, नातवंडे जीव लावतात. परंतु तिथल्या चर्चमध्ये मला सारे ओळखतात ते अमक्याची आई म्हणून. पेशव्यांनी दिलेल्या जागेवर उभ्या राहिलेल्या आमच्या सिटी चर्चमध्ये माझे लग्न लागले, मुलांचे बाप्तिस्मे झाले, यजमानांची अखेरची मिस्साही तिथेच झाली. तिथे मी कोणाची कोण, हे सांगावे लागत नसे. ही उणीव मी मुलापाशी कधी बोलले नाही. त्याला वाईट वाटेल, ही एक भीती. आणि देवाने इतके दिले असता कुरकुर करणे हा कृतघ्नपणा, ही दुसरी.

संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन दर दहा वर्षांनी खुले होते. या वेळी ते २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात होते. माझ्या जुन्या शेजारणीचा फोन आला. “अगं, आता यानंतर २०३४! तेव्हा आपण कुठे असू कोणास ठाऊक. ये मुकाट्याने.” मी आले. आम्ही चौदा जण होतो आणि पूर्वीच्या प्रत्येक सहलीप्रमाणे पैशांची थैली माझ्याच हाती देण्यात आली. तेवढ्याने मला किती बरे वाटले, हे त्यांना कळले नसावे.

जुन्या गोव्यात से कॅथेड्रलमध्ये तासन्‌तास रांगेत उभे राहिलो आणि प्रत्यक्ष दर्शन झाले ते क्षणभर. परतीच्या वाटेवर आमच्यातील एका निवृत्त शिक्षकांनी संतांची हकीकत सांगितली. मार्च १५४० मध्ये रोमहून निघायचे होते दुसऱ्याच सोबत्याला. तो आजारी पडला, आणि संत इग्नेशियस यांनी फ्रान्सिसना विचारले. तयारीला जेमतेम एक दिवस मिळाला. ७ एप्रिल १५४१ रोजी, आपल्या पस्तिसाव्या वाढदिवशी, त्यांनी लिस्बन सोडले. ६ मे १५४२ रोजी ते गोव्याला पोहोचले. ज्या मित्रांबरोबर पॅरिसमध्ये दिवस काढले, त्यांच्यापासून ते कायमचे दूर झाले. इग्नेशियस यांची भेट तर पुन्हा कधीच झाली नाही. जून १५५३ मध्ये इग्नेशियस यांनी ‘परत या’ असे पत्र लिहिले, तेव्हा फ्रान्सिसना चीनच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर देह ठेवून सहा महिने उलटले होते.

“पण एक गोष्ट लक्षात ठेवा,” शिक्षक म्हणाले, “सोबत्यांच्या पत्रांतून त्यांच्या सह्या त्यांनी कापून घेतल्या होत्या आणि ते कपटे ते जवळ बाळगत.”

बसमध्ये क्षणभर शांतता पसरली. मग कोणीतरी जपमाळ सुरू केली.

माझी गाडी संध्याकाळची होती. बस आधी पुणे स्टेशनला थांबली. १९२५ साली उघडलेली ती दगडी इमारत. तिच्या दारात मी आजवर कितीजणांना निरोप दिला असेल! निरोप घेण्याची पाळी प्रथमच आली होती. बसमध्येच मी हिशेब मिटवला. प्रत्येकाचे एकशे ऐंशी रुपये उरले होते. ते परत देऊन एकेकाची सही घेतली. शेजारीण मात्र सही करीना. “माझे राहू देत तुझ्यापाशी,” ती म्हणाली. मी चिडले. हिशेब अर्धवट ठेवणे मला खपत नाही, हे तिला ठाऊक होते. ती फलाटापर्यंत आली, माझी पिशवी बाकाखाली सरकवली आणि गाडी हलण्याआधीच पाठ फिरवून चालू लागली. हात हलवण्याचीही संधी तिने मला दिली नाही.

आझाद हिंद एक्स्प्रेस हावड्याला जाते. नागपूर तिच्या वाटेवरचे. डब्यात रविवार पेठेत सोन्याचे काम करणारे बंगाली कारागीर होते. सारे सुटीवर गावी निघालेले, म्हणून आनंदात होते. त्यांतल्या एका तरुणाने मोडक्या मराठीत विचारले, “मावशी, घरी चाललात?” मला चटकन उत्तर सुचले नाही. “हो,” म्हटले खरे, पण ते अर्धे खोटे होते, आणि अर्धे खरेही.

पूर्वी या मार्गावर दौंडला इंजिन सोडवून गाडीच्या दुसऱ्या टोकाला जोडीत. पुढे तोंड करून बसलेला माणूस तिथून पाठमोरा प्रवास करू लागे. आता बऱ्याच गाड्या बाहेरच्या बाहेर वळतात. मी मात्र त्या रात्री मनाने पाठमोरीच बसले होते.

दिवे मालवल्यावर चष्म्याचे घर शोधताना थैलीतला कागद हाती लागला. मोबाईलच्या उजेडात पाहिले. बारा सह्या. कोणाची थरथरती, कोणाची शाळकरी वळणाची, एक नुसतीच आद्याक्षरे. आणि एक जागा रिकामी. तेव्हा मला शेजारणीच्या हट्टाचा अर्थ कळला. हिशेब मिटला असता, तर मी पुण्याचे काहीच देणे लागत नव्हते.

ज्या माणसाने समुद्र ओलांडले, त्याला सोबत्यांची आठवण येत नसेल, असे आपण उगीच धरून चालतो. तो तर त्यांची नावे उराशी बाळगून हिंडत होता. आठवण येणे म्हणजे कृतघ्नपणा नव्हे, हे मला साठीनंतर, रात्रीच्या गाडीत, पैशांच्या कागदाने शिकवले.

सकाळी नागपूर स्टेशनवर मुलगा उभा होता. त्याने पिशवी घेतली आणि नेहमीप्रमाणे विचारले, “प्रवास ठीक झाला ना, आई?” मी नेहमीप्रमाणे ‘छान’ म्हणणार होते. पण म्हटले, “मला पुण्याची फार आठवण येते रे.”

तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग गाडीतळाकडे चालता चालता म्हणाला, “मलाही येते.”

ते एकशे ऐंशी रुपये मी एका पाकिटात घालून बायबलमध्ये ठेवले आहेत. उन्हाळ्यात नेऊन द्यायचे आहेत.