टवका

विस्कॉन्सिनमध्ये बदकांच्या शिकारीचा हंगाम सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या आरंभी सुरू होतो आणि अलीकडच्या वर्षांत तो ६० दिवसांचा असतो. उरलेले ३०० दिवस शिकारी काय करतो, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांना अप्रस्तुत वाटेल. काही वर्षांपूर्वी आम्हांलाही तो तसाच वाटला असता. ज्या घरात अंडेदेखील येत नसे, त्या घरात आमचे बालपण गेले. शेजारच्या निवृत्त शिक्षकांबरोबर होरिकॉनच्या पाणथळीवर प्रथम गेलो ते पहाट पाहायला. पुढे बंदूक हाती आली. या राज्यात १ जानेवारी १९७३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्याला परवान्याआधी शिकारीचा प्रशिक्षणवर्ग पुरा करावा लागतो. तो आम्ही पुरा केला आणि आपण शिकलो, असे समजून चाललो.

तो समज गेल्या नोव्हेंबरात संपला. हिरव्या डोक्याचा एक मॅलार्ड नर डावीकडून उजवीकडे निघाला होता. आम्ही बार काढला. पक्षी हवेत दचकला, एक पंख लोंबला आणि तिरपा होत तो पलीकडच्या पाणकणसांत उतरला. ‘पडला’ असे आम्ही म्हणत नाही, तो उतरला. शेजाऱ्यांची कुत्री दोन तास त्या बेटात शोधत होती. जखमी पक्षी शोधण्याचा वाजवी प्रयत्न करणे येथे कायद्यानेच बंधनकारक आहे. पण त्या दिवशी कायदा आठवण्याची गरज नव्हती. अंधार पडल्यावर आम्ही परतलो. दिवसाला सहा बदकांची मर्यादा असते. न सापडलेले ते एक आम्ही आपल्या खात्यात धरले. हिशेब तेवढ्याने पुरा होत नाही, हे कळत होतेच.

रविवारी आईला फोनवर सांगितले. ती रागावेल, अशी आमची तयारी होती. ती एवढेच म्हणाली, “सापडलं का रे ते?” पुढच्या रविवारीही तिने तेच विचारले.

आमच्या जन्मभूमीत हा प्रश्न कायद्याने निकालात काढला आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात १९९१ साली झालेल्या दुरुस्तीने छंदाच्या शिकारीची वाट जवळजवळ बंद झाली. त्याच १९९१ पासून अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छरे वापरण्यास देशभर मनाई झाली. चिखलात पडलेले छरे बदके खडे समजून गिळत आणि विषबाधेने मरत. आता बहुधा पोलादी छरे वापरतात. पोलाद शिशाहून हलके. त्याचा वेग लवकर ओसरतो. म्हणजे लांबवरचा बार पक्ष्याला न मारता नुसता घायाळ करण्याचा संभव अधिक. एक अपाय टाळायचा, तर नेमबाजावरची जबाबदारी वाढते.

फेब्रुवारीत आम्ही शेजाऱ्यांच्या तळघरात सरावाला लागलो. बंदूक रिकामी असल्याची दोघांनी दोनदा खात्री करायची, नळीच्या तोंडात छोटा टॉर्च बसवायचा आणि भिंत जिथे छताला मिळते त्या रेषेवरून प्रकाशाचा ठिपका फिरवायचा. दस्ता खांद्याला आणि गालाला एकाच वेळी भिडला पाहिजे. ठिपका रेषेवरून ढळता कामा नये. रोज पंधरा मिनिटे. पहाटे तंबोरा घेऊन नुसता षड्ज लावत बसणाऱ्या माणसाचे आम्हांला पूर्वी नवल वाटे. आता वाटत नाही.

मे महिन्यात बर्फ गेल्यावर स्कीटच्या मैदानावर जाऊ लागलो. हा खेळ मुळात सरावासाठीच जन्मला. १९२० च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समधील अँडोव्हर येथे पक्ष्यांच्या शिकाऱ्यांनी तो रचला. दोन बाजूंच्या दोन खोपटांतून तबकड्या सुटतात. आठ जागांवरून मिळून २५ बार काढायचे. तबकडीला ‘मातीचे कबूतर’ म्हणतात, पण ती असते चुनखडीची भुकटी आणि डांबरासारखा पदार्थ यांची. व्यास १०८ मिलिमीटर. चौथ्या जागेवर ती डोळ्यांसमोरून आडवी जाते आणि तिच्या पुढे सुमारे चार फूट रिकाम्या हवेत बार काढावा लागतो. आमचे बार मागे पडत. कारण शेजाऱ्यांनी ओळखले: ऐन क्षणी आम्ही तबकडीवरची नजर काढून नळीच्या टोकाकडे पाहत होतो. आपला नेम बरोबर आहे ना, हे तपासण्याचा मोह! त्या क्षणी बंदूक थांबते. तबकडी थांबत नाही. लिहिताना विषयावरची दृष्टी सुटून स्वतःच्या वाक्याकडे वळली की काय होते, हे या पानाच्या वाचकांना आम्ही सांगायला नको.

परंतु खरा धडा नियमाच्या पुस्तकात होता. तबकडीचा डोळ्यांना दिसेल असा एक टवका उडाला, तरी पूर्ण गुण मिळतो. भुगा झाला काय अन् कडेची कपची निघाली काय, कागदावर फरक नाही. आम्ही २५ पैकी १९ गुण मिळवून खुशीत होतो, तेव्हा शेजाऱ्यांनी शांतपणे विचारले, “यांतल्या किती तबकड्या पाणकणसांत उतरल्या असत्या?”

त्या दिवसापासून आमची वही निराळी झाली. तीन रकाने: भुगा, हुकले, टवका. हुकलेला बार म्हणजे पक्षी सुखरूप गेला, तिथे शून्य. टवक्याला उणे दोन. मैदानावरचे १९ गुण या वहीत फारच घटले. आम्ही अनेक वर्षे उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. अर्धवट उत्तराला अर्धे गुण देण्यात आम्हांला औदार्य वाटत आले. काही कामांत मात्र अर्धे बरोबर असणे हे पूर्ण चुकण्याहून वाईट असते, हे या वहीने शिकवले.

जुलैच्या उन्हात जाड हिवाळी कोट चढवून सराव केला, कारण कोटाच्या जाडीने दस्ता वेगळा बसतो. शेजाऱ्यांच्या कुरणात लाकडी बदके ठेवून अंतर ओळखायला शिकलो. आमचे ३५ यार्ड प्रत्यक्षात ५० निघत. आणि तबकडीची मर्यादाही उमगली: ती सुटताना सर्वांत वेगवान असते आणि मग मंदावत जाते, बिचकलेले बदक याच्या नेमके उलट करते.

ऑल्डो लिओपोल्ड याच राज्यातल्या विद्यापीठात शिकवत. त्यांच्या मृत्यूनंतर, १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’मध्ये त्यांनी म्हटले आहे की, शिकाऱ्याच्या वर्तनाला दाद द्यायला वा नावे ठेवायला प्रेक्षक नसतात. आमची वहीही कोणी पाहत नाही. दर रविवारी विचारणारी एक व्यक्ती तेवढी आहे.

ऑगस्ट संपत आला आहे. २५ डॉलरचा यंदाचा बदकांचा स्टॅम्प आम्ही घेतला. १९३४ पासून चालत आलेल्या या स्टॅम्पची जवळजवळ सगळी रक्कम पाणथळी राखण्यासाठी जाते, तेव्हा तो घ्यायला बंदूक लागत नाही. मात्र त्यावर शाईने सही केल्यावाचून तो कागद शिकारीला चालत नाही. परवा आईने विचारले, “यंदा जाणार आहेस का?” ठरले नाही, असे आम्ही सांगितले. शेवटच्या फेरीत टवक्याच्या रकान्यात तीन रेघा होत्या. स्टॅम्प वहीत त्याच पानाशी ठेवला आहे. सही अजून केलेली नाही.