सोड म्हणेपर्यंत

माझा उजवा पाय फारसा कर्तबगार नाही. लहानपणी त्याने कधी चेंडू धड मारला नाही, आणि मोठेपणी सायकलपलीकडच्या कुठल्या वाहनाला त्याचा उपयोग झाला नाही. तरी वर्षातून एकदोनदा त्याला मोठा मान मिळतो. माझा धाकटा भाऊ साताऱ्यात रिक्षा चालवतो. ब्रेकमधली हवा काढायची असली, की तो अंगणातून हाक मारतो, "दादा, जरा पाय दे रे!"

मदतीचा हात मागणारे पुष्कळ भेटतात. पाय मागणारा हा एकटाच.

हवा टायरमध्ये असावी. ब्रेकच्या नळीत शिरली की घात. पायाचा दाब तेलातून तिन्ही चाकांपर्यंत जातो, कारण कोंडलेले तेल आकसत नाही; मिळालेला दाब ते पुढे पोचवते. सतराव्या शतकात पास्कल नावाच्या फ्रेंच विद्वानाने हे सांगून ठेवले, आणि मी ते दरवर्षी फळ्यावर लिहितो. हवेचे तसे नाही. ती दबते, सगळा जोर स्वतःच्या पोटात घालते आणि चाकाला काही कळूच देत नाही. मग पाय मऊमऊ खाली जातो आणि रिक्षा आपली चालतच राहते. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या आमच्या गावात उतारांना काही तोटा नाही.

ही हवा काढायला माणसे दोन लागतात. एक वर बसून ब्रेक चारपाच वेळा दाबतो आणि शेवटी दाबूनच धरतो. दुसरा चाकापाशी आडवा होऊन पान्याने निपल अर्धा आटा सैल करतो. फुर्र करून तेल आणि बुडबुडे बाहेर येतात. निपल पुन्हा आवळला, की खालचा म्हणतो, "सोड." त्याआधी पाय उचलला, तर गेलेली हवा उलट आत ओढली जाते. काही मेकॅनिक निपलला नळी लावून तिचे टोक तेलात बुडवून ठेवतात. आमच्याकडे नळी नाही, खाली जुना डबा असतो. म्हणून सारी भिस्त पायावर.

2023 सालच्या वसुबारसेची ती संध्याकाळ. मागच्या चाकातले गळके रबर भावाने बदलले होते आणि हवा काढणे चालले होते. पुतण्या टॉर्च धरून उभा होता. तो माझ्याच वर्गातला. भावजयीने उंबऱ्याशी पणत्या लावल्या होत्या. "दाब... दाब... धर!" खालून आवाज आला. मी धरले. तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

एका दिवाळी अंकात माझी कथा आली होती, आणि एक वाचक ती आवडल्याचे सांगत होते. शेवट तर डोळ्यांत पाणी आणतो, म्हणाले. लेखकाला असे फोन रोज येत नाहीत. मी सरसावून बसलो. पाय केव्हा वर आला ते मला कळले. कळले नाही असे म्हणणार नाही. मी तो हळूच परत दाबला.

थोड्या वेळाने भावाने स्वतः ब्रेक दाबून पाहिला. मऊ होता.

"पाय उचलला होतास का रे मध्ये?"

"नाही," मी म्हणालो.

पुतण्या माझ्याकडे बघत होता की नाही, ते मी पाहिले नाही.

"मग रबरच खराब असणार," भाऊ म्हणाला. त्याने पुन्हा चाक काढले. पहाटे स्टँडवर सोडायचे एक गिऱ्हाईक ठरले होते. त्याला फोन करून, गाडीचा भरवसा नाही, दुसरी बघा, म्हणून सांगितले. सणासुदीचे भाडे गेले. मग टॉर्चच्या उजेडात तो त्या नव्याकोऱ्या रबराला बोटे लावून खोट शोधू लागला. माझ्या शब्दावर त्याचा इतका विश्वास, की संशय घेतला तो दुकानातून आणलेल्या मालाचा आणि स्वतःच्या हाताचा.

पणत्यांतले तेल अर्ध्यावर आले तेव्हा मला राहवेना.

"अरे, उचलला होता मी पाय. फोन आला तेव्हा."

त्याने रबर फडक्यावर ठेवले. बराच वेळ हात पुसत राहिला.

"हवा काय, काढता येते रे," तो म्हणाला. "तू नाही म्हणालास, म्हणून मी रबर शोधत बसलो."

मला वाटले, आता तो पोराला वर बसवील. त्याने चाक बसवले, डबा सरकवला आणि आडवा होत म्हणाला, "फोन पोराकडे दे. बस."

बुडबुडे संपायला खूप वेळ लागला. शेवटी ब्रेक दगडासारखा टणक झाला.

सकाळी त्याने उतारावर ब्रेक बघायला रिक्षा काढली. मी न बोलता मागे जाऊन बसलो. या फेरीत दुसरे कोणी बसलेले मला सोसले नसते. उतार लागला. त्याने पुढे ब्रेक दाबला, तसा मागे माझाही उजवा पाय तळाशी घट्ट दाबला गेला. रिक्षा थांबली. "सोड" म्हणायला कोणी नव्हते. तरी तो मी लगेच उचलला नाही.