सुतळी

फोटोत सायकल नव्हतीच. तिच्यासाठी धरून ठेवलेली जागा तेवढी होती. नळ्या पकडायला दोन-चार शंकू, एक तिरपा खांब, मागच्या चाकाच्या जागी नुसता ॲक्सल. रिकामा पाळणा हलवू नये म्हणतात. मी त्या रिकाम्या जिगकडे रात्री साडेबारापर्यंत बघत बसलो.

घरच्या घरी सायकलची फ्रेम जोडायची हौस साठीच्या उंबरठ्यावर लागली. हौसेला मोल नसतं, हे जिगची, म्हणजे नळ्या जुळवून धरायच्या त्या साच्याची, किंमत बघेपर्यंतच खरं. तेवढ्यात घरातल्या प्रत्येकाला, सासूबाई धरून, एकेक चांगली सायकल आली असती.

मग स्वस्ताचा शोध. एमडीएफच्या फळ्यांचेही जिग असतात. पण पितळाने सांधायचं तर नळी ९०० अंशांच्या आसपास तापवावी लागते, आणि त्या ज्वाळेशेजारी लाकूड ठेवायला माझा जीव धजत नाही. चांदीमिश्रित डाखाला बरीच कमी धग पुरते, पण त्यात चांदी असते, एवढं सांगितलं तरी पुरे. उरलं ४० बाय ४०चं ॲल्युमिनियम प्रोफाइल, कारखान्यांत मशिनच्या सांगाड्यांना वापरतात ते. खाचेत बोल्ट सरकवायचा, कोन जुळवायचा, आवळायचं. कागदावर आखायला बसलो. पुढच्या नळीचा कोन ७३ अंश. पायडलच्या जागची आडवी नळी ६८ मिलिमीटर. मागचा चिमटा १३५.

चिमटा लिहिला आणि एसटी स्टँडसमोरचे सायकल दुरुस्तीवाले अण्णा आठवले.

वडिलांची सायकल मी मोरीच्या कठड्यावर घातली होती. चाक आउट झालं असेल, एवढंच वाटलं. अण्णांनी मागचं चाक काढून बाजूला ठेवलं, वाण्याच्या पुडीची सुतळी घेतली, चिमट्याच्या एका टोकाला बांधली, हँडलखालच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या टोकाला आणून ताणली. मग काडेपेटीतली काडी मोडली. सीटखालची नळी आणि सुतळी यांच्यामध्ये उजवीकडे नेमकी बसेल एवढी. तीच काडी डावीकडे धरली. खाली पडली.

‘‘बघ, किती वाकडी केलीस.’’

फ्रेम आडवी टाकून अण्णांनी तिच्यावर पाय दिला आणि चिमटा ओढला. पुन्हा सुतळी, पुन्हा काडी. पुन्हा पाय. मला वाटलं, आता मोडणार. ‘‘पाहिजे तेवढंच वाकवलं तर परत मागे येतं,’’ ते म्हणाले, ‘‘जरा पुढे न्यायचं, मग आपल्या मनानं जागेवर बसतं.’’ चौथ्या वेळी काडी दोन्हीकडे अडकली. पैसे घेतले नाहीत. ‘‘दादांना सांगू नकोस,’’ म्हणाले, आणि ती काडी ओढून विडी पेटवली.

त्या काळ्या सायकलीच्या सांध्यांवर लग असायचे, नळ्या आत खोचायच्या पोलादी टोप्या. कोन त्यांच्यातच असतो. म्हणजे अर्धा जिग सायकलच्या अंगावरच. मला आवडतात ते. हल्लीच्या काही फ्रेमचे सांधे रंगाखाली इतके गुळगुळीत केलेले असतात की कुणी जोडलंच नाही असं वाटावं.

प्रोफाइल अजून मागवलेलं नाही. काल दुपारी सहज सुतळी काढली आणि बायकोच्या सायकलला लावून पाहिली. नवी कोरी, गेल्या दिवाळीतली. उजवीकडे काडी घट्ट बसली. डावीकडे पडली.

तिला अजून सांगितलेलं नाही.