पुडक्यावर सात दिवस लिहिलं होतं

पहिली बाटली रात्री दोनच्या सुमाराला फुटली. मला वाटलं, खाली कुणी गाडी ठोकली. दुसऱ्या आवाजाला नवरा उठला. सामानाच्या खोलीच्या दाराखालून फेसाचा ओघळ येत होता. तो दार उघडायला निघाला तसा मी त्याचा हात धरला, म्हणून त्याचे डोळे वाचले. सकाळपर्यंत आम्ही बाहेर बसून आवाज मोजले. 36 बाटल्यांपैकी 11 गेल्या.

म्युनिकला राहायला आल्यावर गव्हाच्या बिअरची गोडी लागली आणि ती घरी करून बघावीशी वाटली, एवढंच. उन्हाळ्यातल्या संध्याकाळी तिच्यासारखं दुसरं काही नाही. गढूळ सोनेरी रंग, कडवटपणा नावापुरता, आणि पिकलेल्या केळ्याचा नि लवंगेचा वास. आत ना केळं असतं ना लवंग. दोन्ही वास यीस्ट तयार करतं. मला याचं अजूनही नवल वाटतं. बव्हेरियाच्या 1516 सालच्या नियमात बिअरला जव, हॉप्स आणि पाणी एवढंच चालत असे. गव्हाची बिअर पुढे राजघराण्याच्या मक्त्यात गेली आणि 1872 साली गेओर्ग श्नायडर यांनी ती करण्याचा हक्क मिळवला. आता इथे त्या बिअरमध्ये निदान निम्मा माल्ट गव्हाचा लागतो. माल्ट म्हणजे काय, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. बाळासाठी नाचणीचं सत्त्व करताना आपण नाचणी भिजवतो, मोड आणतो, वाळवतो. तेच हे.

त्या वेळी घरी वर्षाला 200 लिटरपर्यंत बिअर केली तर कर नव्हता, फक्त कस्टम्सच्या कचेरीला आधी कळवावं लागे. तसं कळवलं आणि मेच्या पहिल्या आठवड्यात 20 लिटरचा घाट घातला. यीस्ट घालताना रसातली साखर 12.5 टक्के होती. यीस्टच्या पुडक्याबरोबरच्या कागदावर छापलं होतं : सातव्या दिवशी बाटल्या भरा.

नेमकी त्याच आठवड्यात थंडी पडली. मेच्या मध्यावर अशी थंडी येते, तिला इथले लोक बर्फाच्या संतांचे दिवस म्हणतात. खोली 14 अंशांवर आली. सातव्या दिवशी बुडबुडे थांबले होते, पण मोजलं तर आकडा 4.5. तो 3 च्या आसपास यायला हवा होता. मनात पाल चुकचुकली म्हणून मी दुकानदाराला फोन केला. त्याचं वाक्य मला आजही पाठ आहे. "गव्हाच्या बिअरला एवढं राहतंच, भरून टाका." मी भरली. लिटरमागे 7 ग्रॅम साखर काट्यावर तोलून घातली, म्हणजे 18 लिटरला 126 ग्रॅम. जूनमध्ये ऊन तापलं, झोपलेलं यीस्ट जागं झालं आणि राहिलेली सगळी साखर खाऊन वायू सोडू लागलं. बंद बाटलीत तो वायू जाणार कुठे?

मी वही घेऊन दुकानात गेले. तारखा, तापमान, वजनं, सगळं लिहिलेलं होतं. त्याने वही उघडलीसुद्धा नाही. "साखर जास्त पडली असणार." मी म्हटलं, तोलून घातली आहे. "मग काटा चुकीचा असणार." मी फोनची आठवण करून दिली. असा फोन आलाच नाही, म्हणाला. मागे चार गिऱ्हाईकं उभी होती, त्यांच्यासमोर. बाटल्यांचं मला काही वाटत नाही, काच झाडून टाकता येते. पण वही उघडायला काय जात होतं त्याचं?

मी घरी दारू करते हे आईला मुळीच पसंत नव्हतं. तरी फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अगं, कुरडयांचा गहू आपण तीन दिवस भिजवतो, पण हवा गार असली की चौथा लागतो. दाणा दाबून बघायचा, चीक सुटतो का. दिवस कसले मोजतेस?" हे मला माहीत होतं. लहानपणी बार्शीच्या अंगणात तो गहू मीच दाबून बघायचे. आणि तरी मी छापील कागदावर विश्वास ठेवला.

उरलेल्या 25 बाटल्यांची टोपणं आम्ही जाड कोट, हातमोजे आणि स्कीइंगचे गॉगल घालून, ओल्या टॉवेलाखाली एकेक करून सैल केली. बहुतेक बिअर फेस होऊन गेली. दोन ग्लास हाती लागले. केळ्याचा वास अगदी हवा तसा होता, आणि त्यानेच मला रडू आलं.

त्या दुकानात पुन्हा पाऊल ठेवणार नाही, असं म्हटलं होतं. आता माल्ट तिथूनच आणते, कारण त्याच्याइतका ताजा माल्ट आसपास मिळत नाही. कदाचित त्याला तो फोन खरंच आठवत नसेल. माझा राग मात्र गेलेला नाही.

महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करता येत नाही. पण जिथे कायदा परवानगी देतो तिथे तुम्ही करणार असाल, तर बाटल्या भरण्याआधी सलग तीन दिवस मोजा. आकडा हलत असेल तर थांबा, दुकानदार काहीही सांगो.