ओटीपी कोणाच्या फोनवर येतो?

रिलीज होतं, त्यामुळे दोन वीकेंड कुठे गेले ते कळलंच नाही.

मी मूळची वसमतची, जिल्हा हिंगोली. पुण्यात हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "म्हणजे नक्की कुठे?" नांदेडजवळ म्हटलं की मान हलते. २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला जीआय मानांकन मिळालं, तेव्हापासून निदान हळदीमुळे तरी ओळख पटते. त्याच हळदीमुळे आमच्या स्टार्टअपलाही माझं गाव एकदम आठवलं. बचत गटांच्या बायकांनी हळद पावडर थेट शहरात विकावी, असं आमचं ॲप. आम्ही पंधरा जण. त्यात कोड लिहिणारी मी एक आणि टेस्टिंगला एक मुलगी.

मार्केटिंगने टॅगलाईन काढली, 'तिचा आवाज, तिचं ॲप'. पोस्टरवर इस्त्रीचं लुगडं नेसलेली बाई, एका हातात हळकुंडं, दुसऱ्या हातात स्मार्टफोन. हळदीच्या दिवसांत इतकी स्वच्छ नखं मी गावात कधी पाहिली नाहीत, पण असो. गुंतवणूकदारांना दाखवायच्या डेकमध्ये सात नंबरची स्लाईड होती 'महिला वापरकर्त्या', आणि खाली मोठ्ठा आकडा.

त्याच्या आधीच्या आठवड्यात मी गावाकडे एका गटाच्या बैठकीत डेमो देऊन आले होते. म्हटलं, मावशी, ओटीपी आला असेल, तेवढा सांगा. मावशी हसल्या. "फोन पोराजवळ ऱ्हातो बाई, अन् तो गेलाय परभणीला." दुसरीने दिलेला नंबर नवऱ्याचा, तिसरीने दिलेला दिराचा. नावं बायकांची, फोन पुरुषांचे. म्हणजे ऑर्डर आली, भाव ठरला, पैसे जमा झाले... सगळे मेसेज पुरुषांना. हळकुंडं मोडायची, निवडायची, वाळवायची तिने, आणि पैसे आले का हे घरच्या पुरुषाचा मूड बघून विचारायचं. आमच्या डेटाबेसमध्ये मात्र ती 'ॲक्टिव्ह यूजर'.

मी हे मीटिंगमध्ये मांडलं. उत्तर आलं, "ही एज केस आहे, नंतर बघू." एज केस म्हणजे क्वचित कुणाला तरी येणारी अडचण. इथे अख्खा गट एज केस! आणि लगेच पुढचं वाक्य, "बरं, महिला दिनाच्या पोस्टसाठी तुझा एक फोटो दे ना. गावाकडची इंजिनिअर, मस्त स्टोरी आहे."

सुधा मूर्तींची गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. १९७४ साली टेल्कोने इंजिनिअर हवेत म्हणून जाहिरात दिली आणि खाली लिहिलं, महिलांनी अर्ज करू नये. त्या तेव्हा बंगळूरला शिकत होत्या. त्यांनी सरळ जेआरडी टाटांना पोस्टकार्ड टाकलं, मुलाखतीला पुण्याला बोलावणं आलं आणि नोकरीही मिळाली. कॉलेजात ही गोष्ट ऐकली तेव्हा त्या जाहिरातीचा राग आला होता. आता वाटतं, त्या जाहिरातीत नकार निदान छापलेला तरी होता. पोस्टकार्डावर कोणतं वाक्य खोडायचं ते कळत होतं. आमच्या जाहिरातीत तर मीच हसतेय, आता मी पत्र कोणाला लिहू?

२०१६ मध्ये एक बातमी आली होती. ओबामांच्या व्हाइट हाउसमधल्या बायकांनी आपसात ठरवलं होतं की एकीने मुद्दा मांडला की दुसरीने तो तिचं नाव घेऊन परत मांडायचा, म्हणजे तो हवेत विरत नाही आणि दुसऱ्याच्या नावावरही जात नाही. आम्ही तर दोघीच. पण दोघींनाही जमतं की! पुढच्या मीटिंगमध्ये मी ओटीपीचं बोलले आणि विषय सरकायला लागला तशी टेस्टिंगवाली शांतपणे म्हणाली, "तिने आता जे सांगितलं, ते मी बग म्हणून नोंदवलंय. सिव्हिअॅरिटी वन." बग नोंदवला की तो बंद करायला कारण लिहावं लागतं. 'नंतर बघू' हे कारण त्या चौकटीत बरं दिसत नाही :-)

कारण कोणी लिहिलं नाही. मग आम्ही नोंदणी गटामार्फत केली. गटाचा एक फोन, तो सचिवबाईंकडे. प्रत्येकीचा स्वतःचा चार आकडी पिन. पैसे जमा झाल्याचा मेसेज मराठीत बोलून ऐकवायचा, म्हणजे वाचायला कोणाची गरज नाही. जुनी खाती मोजताना नियम एकच, पिन तिने स्वतः टाकला असेल तरच ती वापरकर्ती.

आकडा धाडकन खाली आला. मार्केटिंगवाल्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. त्याचीही बाजू आहे म्हणा, पगार सगळ्यांचे त्याच गुंतवणुकीतून व्हायचेत, माझासुद्धा. शुक्रवारी तो म्हणाला, जुनाच आकडा ठेवू आणि खाली बारीक अक्षरात टीप देऊ. मी म्हटलं, मग स्लाईडही तूच दाखव, आणि कोणी विचारलं तर उत्तरही तूच दे. यावर तो गप्प.

रात्री उशिरा फाउंडरचा मेसेज आला. सात नंबरची स्लाईड नवीन आकड्याने, आणि दाखवायची मी. कॉल सोमवारी साडेअकराला आहे. महिला दिनाच्या फोटोबद्दल अजून कोणी परत विचारलेलं नाही.