वळिवड्याची पोलिश शाळा

भाची वर्षभरासाठी परदेशातल्या एका शाळेत विनामोबदला शिकवायला निघाली आहे. घरात चर्चा एकच, तिथं तिच्या जेवणाचं काय! माझ्या डोक्यात मात्र सकाळपासून वळिवडे घोळतंय.

१९४३ ते १९४८ या काळात आपल्या कोल्हापूरच्या वेशीबाहेर, वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. बहुतेक बायका आणि मुलं. १९४०-४१ मध्ये सोव्हिएत सत्तेनं त्यांना पूर्व पोलंडमधून उचलून सैबेरिया, कझाकस्तानात फेकलं. तिथून इराणमार्गे ती इथं आली. छावणीत चर्च होतं, दवाखाना होता, नाटकं होत. आणि शाळा होत्या. जामनगरजवळची बालाचडीची पोलिश मुलांची छावणी १९४६ मध्ये बंद झाल्यावर तिथली मुलंही वळिवड्यालाच आली.

छावणीतल्या पोलिश शिक्षिकांनी माझ्या भाचीसारखा परदेश हौसेनं निवडला नव्हता. पोलिश भाषा, पोलंडचा इतिहास, भूगोल शिकवायचा, तोही कोल्हापुरी उन्हात! युद्ध संपलं आणि त्यांच्यातल्या बहुतेकांची गावं सोव्हिएत हद्दीत गेली. मग फळ्यावर पोलंडचा नकाशा काढताना पूर्वेची सीमा त्या कुठं ओढत असतील? माझ्या मते कुठल्याही शिक्षकाला याहून अवघड धडा मिळालेला नसेल.

आता त्या छावणीच्या जागी गांधीनगर आहे. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी वसवलेलं, आणि आपण लग्नाचा बस्ता बांधायला जातो ते.

कोल्हापुरातल्या महावीर उद्यानात फिरायला गेलात, तर पोलिश निर्वासितांच्या स्मृतिस्तंभापाशी एकदा थांबा. मुलांनाही सोबत न्या.