अण्णांची खाकी पिशवी

आमच्या मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानात हस्ताच्या आसपास ज्वारी पेरायची गडबड उडते. बी न्यायला अण्णांची एक पिशवी होती. खाकी, जाड कापडाची, पाठीवर अडकवायची, लष्करातली जुनी. १९७५ च्या उन्हाळ्यात अण्णांनी ती सोलापूरच्या बाजारात जुन्या मालवाल्याकडनं आणली. म्हणजे घरी आली तीच कुणाच्या तरी पाठीवर फिरून.

त्याच साली मी दहावी पास झालो. सोलापुरात दयानंद कॉलेजला जायचं मनात होतं. पण पावसाच्या तोंडाला एक बैल घटसर्पानं गेला. बहात्तरच्या दुष्काळाचं देणं अजून डोक्यावर होतं. होते तेवढे पैसे दुसऱ्या बैलाला गेले. मी अण्णांशी भांडलो न्हाई, पण पोरापेक्षा बैल मोठा ठरला, हे मनात बसलं ते बसलंच. अण्णा जाऊन बरीच वर्षं झाली, तरी निघालं न्हाई.

यंदा नातीला सोलापुरात अकरावीला प्रवेश मिळाला. माळवदाच्या खोलीत खुंटीवर ती पिशवी तिला दिसली.

"आबा, ही मला द्या की. असल्या बॅगांची लई फॅशन हाय."

मला हसू आलं. तळ उंदरांनी खाल्लेला, पट्टे वाळून लाकूड झालेले, बकलांवर हिरवा थर. तरी पोरीचं मन मोडवेना.

आधी उपडी करून झाडली, तर शिवणीतनं मालदांडीचे चार दाणे पडले. मग रिठ्याच्या पाण्यात भिजवून मऊ ब्रशनं घासली आणि सावलीत वाळवली. उन्हात जुनं कापड कडक होतं. पितळी बकलं चिंचेच्या कोळानं घासली. पट्ट्यांना एरंडेल कोमट करून थोडं थोडं चोळलं. आमच्या वेळेला मोटेच्या कातड्यालाही एरंडेलच लागायचं. चार दिवसांनी पट्टे वाकायला लागले, तेव्हा ओळख पटली. हे मोटेच्या सोंडेचंच कातडं! दुष्काळात विहिरीनं तळ दाखवला, मोट बंद पडली, पुढं इंजिन आलं. अण्णांनी त्या सोंडेचे पट्टे कापून पिशवीला लावले होते.

तळाला ताडपत्रीच्या दुकानातनं आणलेलं कॅनव्हास लावलं. दाभणानं मीच शिवलं, दोऱ्याला मेण लावून. खांद्याला काचू नये म्हणून पट्ट्यांखाली फाटक्या सोलापुरी चादरीच्या घड्या घातल्या. आत मधोमध धोतराच्या कापडाचा एक पडदा होता, अर्धा उसवलेला. बियाच्या पिशवीत पडदा कशाला, म्हणून कापायला निघालो होतो. पण शिवण अण्णांच्या हातची दिसली. राहू दिला.

पट्ट्यांची शिवण आपल्या आवाक्यातली नव्हती. नव्या पेठेत फुटपाथवर बसणाऱ्या कारागिराकडं गेलो. त्यानं एकाच दोऱ्याला दोन्ही टोकांना सुया लावून दोन्ही बाजूंनी टाके घातले. एक टाका तुटला तरी दुसरा धरून ठेवतो म्हणाला. मी त्याला पट्ट्याला आतल्या बाजूला एक भोक पाडायला सांगितलं, नात बारीक आहे म्हणून.

त्यानं पट्टा उजेडाला धरला. "मालक, भोक हाय की हितं. तेलानं बुजलंय."

आरीचं टोक घातलं, ते आरपार गेलं. टोकाकडची दोन भोकं ओढ बसून लांबट झालेली. ती अण्णांची, माणूस आडव्या अंगाचा. हे मात्र गोल, नव्यासारखं. त्यात बकल कधी बसलंच नव्हतं.

"हे पोराच्या मापाचं हाय. आधी हेच पाडलंय बघा, बाकीची मागनं पाडलीत," तो म्हणाला.

एसटीत पिशवी मांडीवर घेऊन बसलो. तो पडदा पुन्हा पुन्हा चाचपला. वह्या एका बाजूला, भाकरी एका बाजूला. बैल मेला तेव्हा पिशवी घरात तयार होती. अण्णा मला एवढंच म्हणाले होते, "बी न्यायला बरी हाय." त्यावर मी त्यांना कधी काही विचारलं न्हाई.

घरी येऊन पडदा पुन्हा नीट शिवला. सोमवारी नातीनं पिशवी पाठीवर घेतली. बकल मी त्याच भोकात लावलं. बरोबर बसलं.

"आबा, तुम्ही माप कधी घेतलं?"

"मी न्हाई घेतलं," म्हणालो. गाडी आली होती. पुढचं तिला दिवाळीला घरी आल्यावर सांगणार आहे.